खटक्याचा कीबोर्ड

१

एप्रिलातल्या भर दुपारी वरवट बकालात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी देवेशचा नवाकोरा कीबोर्ड टेबलावरून नाहीसा झाला.

देवेश स्टँडवर मोबाईलचा रिचार्ज मारायला गेला होता. परत येऊन पाहतो तर लॅपटॉप उघडा, माउस जागच्या जागी, आणि मधली जागा मोकळी. त्याने अशी बोंब ठोकली की संग्रामपूरच्या अभ्यासिकेतून नुकतीच आलेली काजल एका पायातली चप्पल न काढताच आत धावली.

"ताई, माया कीबोर्ड चोरीले गेला!"

काजल ही देवेशची थोरली बहीण. फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वर्दी अजून अंगावर यायची होती, पण रुबाब केव्हाच येऊन बसला होता. घरात चमचा जरी हरवला तरी ती सगळ्यांना ओळीने उभं करून जबाब घेई. आज मात्र भावाचं तोंड पाहून तिला चेष्टा सुचली नाही.

त्या कीबोर्डासाठी पोरानं काय केलं नव्हतं? अख्खी लग्नसराई व्हिडिओवाल्यामागे लाइट धरून उभा राहिला. लोक वरातीत नाचत आणि हा घामाघूम होऊन नवरदेवाच्या तोंडावर उजेड पाडत असे. मग कोणता घ्यायचा याचा वेगळा अभ्यास; बटणाखालच्या खटक्याच्या रंगावरून कीबोर्डाची जात ठरते. लाल खटक्याचा मऊ, तपकिरी खटक्याचा अधलामधला, निळ्या खटक्याचा वाजणारा. कानात इअरफोन घालून तो नुसते आवाज ऐकत बसे आणि ताटातली भाकर गार होई. शेवटी मित्राला, गोकुळला, घेऊन अकोल्याला गेला, दुकानात नमुन्याच्या बटणांवर बोटं मारून पाहिली, आणि निळ्यावर त्याचा जीव जडला. घरी येऊन तोच मागवला. दाबलं की खट्ट! प्रत्येक बटण ऐकल्याची पावती देत होतं.

गुरुवारी खोकं आलं तेव्हा घरात प्रत्येकाने एकेक बटण दाबून पाहिलं. आबांनी, म्हणजे आजोबा वामनरावांनी, सगळ्यांत लांबोडकं बटण निवडलं. आईने, वासंतीबाईंनी, मात्र लांबूनच पाहिलं. "माये हात ओले हायेत," म्हणाली. जरा वेळाने पदराला हात पुसत तिने विचारलं, "उजव्या अंगाची आकड्यांची पट्टी काऊन नाई रे याले?"

"गेमले नाई लागत, आई. माउसले जागा पायजे," देवेश म्हणाला, आणि सगळे हसले. आईला आकड्यांची पट्टी कशाला हवी होती?

आज संध्याकाळी पाचला सामना होता. इंटरनेटवरची जिल्ह्याची स्पर्धा, पाच जणांचा संघ, त्यात गोकुळही. लॅपटॉपचं स्वतःचं A चं बटण मागच्या वर्षीच मेलं होतं, आणि A नसला तर गेममधला गडी डावीकडे सरकतच नाही. कीबोर्ड मिळाला नाही तर देवेश बाहेर, आणि चौघांचा संघ घेत नाहीत म्हणून बाकीचेही बाहेर.

"टेबलाले कोणी हात लावू नका," म्हणत काजल वाकली आणि थबकली. स्क्रीनवर काहीतरी लिहिलेलं होतं. चोर चिठ्ठी ठेवून गेला होता.

२

चिठ्ठी अशी होती:

vkeps ;sFks Jh d`isd:u
vkeps ;sFks Jh d`isd:u
vkeps ;skkkkkkkkkkkk

"हे कोणती भाषा हाय?" देवेश स्क्रीनपासून मागे सरकला. "ताई, हॅकर हाय कोणी."

"हॅकर वरवट बकालले येऊन हातानं कीबोर्ड उचलून नेते का बे?"

असं म्हणाली खरी, पण तिलाही काही उमगेना. पहिल्या दोन ओळी तिने बोट ठेवून ताडून पाहिल्या. अक्षराला अक्षर सारखी. म्हणजे मांजर चाललं नव्हतं, की कुणी उगाच बडवलं नव्हतं. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे पक्कं ठाऊक होतं. तिसरी ओळ मात्र मध्येच बिघडली होती. तिथे काहीतरी घडलं होतं.

मग तिची नजर टेबलावर गेली. सगळीकडे धुळीचा पापुद्रा, आणि कीबोर्डाची तेवढी जागा लख्ख पुसलेली. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. काजलने मुंग्यांकडे बराच वेळ पाहिलं, पण बोलली नाही. फौजदाराने सगळं एकदम बोलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

पहिला संशय उघडच आबांवर होता. शुक्रवारीच ते गरजले होते, "हे खटखट बंद नाई झाली तं एक दिवस विहिरीत टाकतो!" आबा ओसरीत बाजेवर पडले होते. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"आबा, कीबोर्ड तुम्ही घेतला का?"

"अं? तीन वाजून राह्यले असतील."

काजलने एका कानातला बोळा ओढून काढला आणि प्रश्न पुन्हा विचारला. आबा उठून बसले. "मी घेतला असता तं कानात बोळे कायले कोंबले असते व? चोरी तं मायी झाली! कान कोराच्या कापसाच्या काड्या, भरली डबी होती कोनाड्यात. सकाळी होती, आता नाई. त्याचं कोणी इचारून नाई राह्यलं."

"घरात कोण आलं होतं?"

"तो गोकुळ आल्ता. पाठीले पिशवी. आला तवा चपटी होती," आबांनी आवाज खाली आणला, "अन् गेला तवा फुगेल होती."

काजल मागे वळली. पण देवेशने तोवर फोन कानाला लावला होता आणि पहिलाच शब्द उच्चारला होता, "चोरा!"

३

गोकुळ मागच्याच गल्लीत राहायचा. उन्हातान्हात धावत आला आणि आल्या आल्या त्याने पिशवी बाजेवर उपडी केली. माउसखाली घालायचा एक लांबरुंद पॅड बाहेर पडला. त्याचाच होता, देवेशने मागून आणून गुंडाळून ठेवलेला.

"मॅचसाठी मले पायजे होता, म्हणून नेला. कीबोर्ड टेबलावरच होता तवा. काकूले इचार. त्या चहाचा कप हाती घेऊन उभ्या होत्या, मले म्हणे घे घोटभर. म्या म्हणलं, एवढ्या उन्हात नाई घेत." गोकुळचे डोळे भरून आले होते, पण तो रागाने बोलत होता. "अकोल्याले तुयासंग कोण आल्तं बे? म्या लाल घे म्हणलो होतो. मंग तुया जीव निळ्यावर पायला अन् म्हणलो, घे बापा तुयाच मनानं. अन् आता मी चोर?"

"गोकुळ, मले वाटलं…"

"वाटू दे. मी नाई खेळत. चौघं खेळा नाई तं खेळू नका."

तो गेला. आता कीबोर्ड सापडूनही उपयोग नव्हता. देवेश उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. काजलला त्याची फार कीव आली. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू गेली होती, आणि ती निवडायला संगं गेलेला मित्रही गेला होता.

पण तिच्या कानात एकच गोष्ट घुमत होती: चहाचा कप.

आई आतल्या खोलीत आबांचा सदरा इस्त्री करत होती. लग्नाआधी ती शेगावला प्रेसमध्ये होती, त्यामुळे या घरातलं इस्त्रीचं खातं पहिल्यापासून तिच्याकडे. आबांच्या सदऱ्याची घडी अशी कडक की गावात लोक विचारत, शहरातून करून आणता का. आबा छाती फुगवून सांगत, "आमची सून प्रेसमधली हाय."

"आई, देवेशच्या खोलीत गेली होतीस?"

"मी कायले हात लावू त्या यंत्राले?" आईने मान वर केली नाही. "अन् पाय, गच्चीवर जाऊ नका कोणी. सांडगे घातले म्या."

काजलचाही आईवर संशय नव्हताच. जी बाई मोबाईलवर साधा मेसेज लिहीत नाही, बोलून पाठवते, ती कीबोर्डाचं काय करणार? पण दोन गोष्टी तिला खुपल्या. फळीवर सांडग्यांची बरणी काठोकाठ भरलेली होती, गेल्या आठवड्यातच वाळवून झाले होते. आणि आबांच्या सदऱ्याच्या बाहीवर एक सोडून दोन घड्या पडल्या होत्या.

आईची घडी कधी चुकत नसे.

४

काजल परत लॅपटॉपसमोर येऊन बसली. ती गिचमिड अक्षरं कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. vkeps… vkeps…

"देवेश," ती एकदम ताठ झाली, "जुने पेपर!"

परीक्षेच्या जुन्या मराठी प्रश्नपत्रिका ती संगणकावरून उतरवून घेई. त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवला की असाच इंग्रजी कचरा दिसायचा. प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फाँटात टाइप केलेल्या असत. तो फाँट लावला की कचऱ्याचं मराठी होई. त्या फाँटात v च्या जागी अ, k च्या जागी काना, e च्या जागी म. बटण इंग्रजीच, बोटं मराठी.

तिने तिन्ही ओळी निवडल्या आणि फाँट बदलला. स्क्रीनवर अक्षरं उमटली:

आमचे येथे श्री कृपेकरून
आमचे येथे श्री कृपेकरून
आमचे येाााााााााााा

"हे तं लग्नाची पत्रिका हाय!" देवेश उडाला. "चोराचं लगन हाय का?"

"तिसऱ्या ओळीत चोर बोंबलला पाय," काजल म्हणाली, आणि हसता हसता गप्प झाली. तिसऱ्या ओळीत बटण अडकलं होतं. काहीतरी सांडलं होतं. गोड काहीतरी, नाही तर मुंग्या आल्या नसत्या. आबांना साखरेचा आजार, त्यांचा चहा फिका. गोकुळने चहा घेतलाच नाही. घरात पाकासारखा गोड चहा पिणारं माणूस एकच.

पण लग्नाची पत्रिका? न पाहता, न चुकता, दोनदा? असं कोण लिहील? ज्याच्या बोटांना त्या ओळीचं वळण पडलंय तोच. ज्याने शेकडो पत्रिका जुळवल्यात तो. ज्याला कीबोर्ड पाहिल्यावर पहिली आठवण आकड्यांच्या पट्टीची होते, कारण त्या फाँटातली आडवळणाची अक्षरं आकडे दाबून काढावी लागतात. पत्रिका छापतात तिथे बसलेलं माणूस. आणि पत्रिका छापतात कुठे?

काजलच्या डोक्यात खट्ट झालं. निळ्या खटक्यापेक्षा मोठ्याने.

"देवेश," ती हळूच म्हणाली, "आई लग्नाआधी कुठी होती?"

"शेगावले. प्रेसमधी. इस्तरीच्या…" देवेशचं तोंड उघडंच राहिलं.

५

गच्चीवर ऊन भाजून काढत होतं. आईच्या जुन्या पांढऱ्या पातळावर सांडगे वाळत होते, काळे, चौकोनी, प्रत्येकावर एकेक इंग्रजी अक्षर. शेजारी कीबोर्डाचा सांगाडा स्वच्छ पुसून उपडा ठेवलेला, खोक्यातला बटणं उपटायचा चिमटा, आणि आबांच्या कापसाच्या काड्या. वारा नव्हता, तरी पातळाच्या चारही कोपऱ्यांवर दगड होते. इतकी काळजी आईच घेऊ जाणे.

जिन्यात बांगड्या वाजल्या. आई दारात उभी होती, आणि तिच्यामागे दम खात आबा.

"चहा सांडला रे देवेश," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "झाडू माराले गेल्ती. कप ठेवला, म्हणलं एकदा हात लावून पाहू. ते खट्ट वाजलं अन् मले भानच नाई राह्यलं. शालिग्रामभाऊच्या प्रेसमधी नवा कीबोर्ड आला का पह्यले हेच ओळ मारत होतो आम्ही. हे ओळ चालली म्हंजे पत्रिका चालली. तिसऱ्यांदा मारताना कोपर लागलं कपाले. तू किती हौसेनं आणला, अन् म्या… तू स्टँडवरून घरी याच्या आत वाळवून जागेवर ठेवीन म्हणलं."

देवेश तिच्याकडे नवीन माणूस पाहावं तसा पाहत राहिला.

"म्हंजे तू छपाईच्या प्रेसमधी होतीस?" काजलने विचारलं. "इस्तरीच्या नाई?"

"इस्तरी कोणं म्हणलं? सहा तालुक्याच्या पत्रिका मायाच हातच्या असत. शालिग्रामभाऊ म्हणत, वासंतीनं बसवली का तपासाची गरज नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई व इतके वर्षं?"

आई हसली, पण डोळे पुसत हसली. "लग्न होऊन आली, दुसऱ्याच दिवशी मामाजीनं सदरा हातात देला. म्हणले, सूनबाई प्रेसमधली हाय, पाहू दे कशी कडक घडी करते. सारे पाहुणे बसेल होते. नवी नवरी, नाई कशी म्हणू? पह्यला सदरा जाळला म्या."

"जाळला होता," आबा जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाले. "म्या म्हणलं, माहेरची आठवण येत असन बिचारीले."

या घरात कपड्यांना इस्त्री करणं म्हणजे प्रेस करणं. तो एक शब्द चुकीच्या बाजूने पडला आणि एका बाईचा सगळा हुन्नर घड्यांत गेला. आबांना कोणी काही म्हणालं नाही, पण त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ते असं फार कमी वेळा करत.

"आई," देवेश म्हणाला, "पाचले मॅच हाय. हे परत बसवाले लय वेळ लागन व."

वासंतीबाईंनी पदर खोचला. "कोणता कुठी, ते मले नको सांगू."

६

देवेश एकेक बटण उचलून अक्षर वाचायचा, लॅपटॉपशी ताडून पाहायचा. आई वाचतच नव्हती. बटण हातात घेई, एक नजर टाकी आणि ओठांत पुटपुटत दाबून बसवी. "हा मायावाला म… हा त… हा न… हे ऱ्हस्व उकार." तिच्या बोटांखाली ओळी भरत गेल्या. देवेशने बसवलेली चार बटणं होती, त्यांतलं एक तिने उपटून दुसरीकडे लावलं आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मग तिने स्वतः गोकुळला फोन लावला. "ये बापू. चोर मी हाय. पकडाले ये."

गोकुळ आला तेव्हा देवेश दारातच उभा होता. "चुकलं बे मायं," तो म्हणाला. "जे मनात आलं ते बोललो."

"लाल घेतला असता तं आवाज नसता झाला अन् काकूले मोहही नसता झाला," गोकुळ म्हणाला, आणि पॅड टेबलावर अंथरला. त्यांच्यात भांडण मिटल्याची एवढीच खूण असे.

वायर जोडली. देवेशने कीबोर्ड आईपुढे सरकवला. तिने हात पदराला पुसले, ओले नव्हते तरी पुसले, आणि ती ओळ मारली. खट्ट खट्ट खट्ट. k चा खटका किंचित चिकटत होता, बाकी सगळे बोलत होते. आमचे येथे श्री कृपेकरून. सगळं घर ऐकत उभं होतं.

सामन्यात पोरं पहिली फेरी जिंकली आणि दुसरीत सपाटून हरली. हरल्यावरही देवेश आणि गोकुळ खुशीत होते, कारण दोघांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी एक छोटं खोकं आलं. आत नुसती आकड्यांची पट्टी होती, वेगळी जोडता येणारी, निळ्या खटक्यांची. आईने ती उजव्या हाताशी ठेवली, आकडे दाबून ऊ काढला, आणि कितीतरी वेळ त्या ऊकडे पाहत राहिली. गोकुळच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका आईच बसवणार होती.

आता रोज दुपारी आतल्या खोलीतून खटखट ऐकू येते. ओसरीत आबा बाजेवर बसलेले असतात, कानात बोळे न घालता. त्या दिवशी शेजारचे पंजाबराव आले आणि आबांच्या अंगावरचा चुरगळलेला सदरा पाहून म्हणाले, "काय हो वामनराव, सून माहेरी गेली का?"

"घरीच हाय," आबा म्हणाले. त्यांनी आतला आवाज नीट ऐकू यावा म्हणून जरा मान कलती केली. "आमची सून प्रेसमधली हाय. तिले इस्तरीले कुठी टाइम?"